कानबाईचा रोट आणि माझी पोर

पोरीच्या आतड्यांना गहू सोसत नाही, गहू कायमचा बंद, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. सहा वर्षांची पोर, हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं टम्म. तिचे जुलाब काढता काढता माझा जीव मेटाकुटीला आला होता. आता ज्वारीची भाकरी, भात, दही, झालं. पण सुरतेत उधन्याच्या आमच्या दोन खोल्यांत सासूबाईही राहत होत्या.

डॉक्टर असंही म्हणाले होते की अशा माणसांच्या आतड्यातले जंतूही बिघडलेले असावेत, कदाचित घरच्यांचेही, अजून नक्की कुणालाच माहीत नाही; पण हा आजार घराण्यातून येतो, म्हणून रक्ताच्या नात्यातल्यांनी रक्त तपासून घ्यावं. नवऱ्याने घरी येऊन त्यातले जंतू तेवढे सांगितले. प्लेग येऊन गेल्यावरचं सुरत ते! सासूबाईंनी मोरीत फिनेल ओतलं, पोरीला जंताचं औषध पाजलं आणि विषय मिटवला. रक्त द्यायला कुणी तयार नाही. आम्हाला काय धाड भरलीय, म्हणे. सासूबाई स्वतः मात्र जन्मभर पोट धरून बसायच्या.

श्रावणात घरात कानबाई देवी बसली. आमच्या खानदेशी घरांत प्रत्येक पुरुषामागे मुठी मोजून गहू घेतात, त्याच्या पिठाचे जाड रोट करतात आणि ते भाऊबंदांनीच संपवायचे. बाहेरच्याला कण द्यायचा नाही. मुलींची मूठ धरतच नाहीत. मी म्हटलं, जिची मूठच नाही, तिने नाही खाल्लं तर देवीचं काय अडणार आहे? कुणी ऐकेल तर शपथ. मी पाणी भरायला नळावर गेले तेवढ्यात सासूबाईंनी तिला तूप-गूळ लावून रोट भरवला. वर मलाच सुनावलं, "कानबाईना रोट कोनले बाधत नही."

दोन दिवसांत पोरीला दवाखान्यात सलाईन लागली. सासूबाई उशाशी बसल्या होत्या. माझा राग मावेना. विचारलंच, "आता सांगा, कुणाला बाधत नाही?"

 त्यांनी पोरीच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवला. म्हणाल्या, "मनी धाकली पोरले बी असंच व्हतं. अंग धराले पाहिजे म्हनीसन मी तिले गव्हाची लापशीच चारत व्हतू."

धाकटी नणंद मी फक्त फोटोत पाहिलेली. दृष्ट लागून गेली, असंच घरात सांगायचे.

नर्स रक्त काढायला सुई घेऊन आली तशी सासूबाईंनी बांगड्या मागे सारल्या आणि आपला हात तिच्यापुढे केला.