थावराकाकांची मोजणी

थावराकाकांनी गुरे कधी आकड्यांनी मोजली नाहीत. फुलसावंगीतल्या घरोघरच्या गाई चारून संध्याकाळी ते आखरावर, म्हणजे गुरे गोळा व्हायच्या मोकळ्या जागेवर, परत आणायचे. वाटेच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहायचे आणि प्रत्येक गाईपेक्षा तिच्या बाजूलाच जास्त बघायचे. "कपिली आली, मंग चांदी मागंच असन," असे पुटपुटत. कोणती गाय कोणाबरोबर चालते हे त्यांना तोंडपाठ होते.

यामागे एक जुने दुखणे होते. तरुणपणी ते सगळ्यांसारखी मोजणी करत. एकदा आकडा बरोबर भरला म्हणून निश्चिंत घरी आले. पण परगावची एक चुकार गाय कळपात घुसली होती आणि त्यांची स्वतःची गाय नाल्याच्या गाळात रुतून बसली होती. सकाळी ती मेलेली सापडली. "आकडा बरोबर होता, बाई, गाय बरोबर नव्हती," असे ते म्हातारपणीसुद्धा सांगायचे.

शाळेत असताना आम्ही पोरींनी त्यांना फसवायला आमच्या गाईची घंटा दुसऱ्या गाईच्या गळ्यात बांधली होती. काकांनी मान वर न करता विचारले, "घंटी बदलली तं चाल बदलते का वं?" आम्ही पळालो. मला वाटते, माझे पहिले शिक्षण ते.

पुढे मी नशिबाने कुठच्या कुठे गेले. उत्तरेकडच्या थंड समुद्रात, लहानशा संशोधन बोटीवरून ऑर्कांच्या टोळ्यांची नोंद करणे हे माझे काम. ऑर्का म्हणजे डॉल्फिनच्या कुळातला काळापांढरा अवाढव्य प्राणी, म्हाताऱ्या आईच्या भोवती अख्खे कुटुंब धरून राहणारा. पाठीवरच्या पराच्या खाचा आणि त्यामागचा करडा डाग यांवरून आम्ही एकेकाला ओळखतो. बोट हलते, बोटे गारठतात, आणि दिवसभरात हाती लागतात चारदोन धड फोटो.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला घरी आले तेव्हा माझ्या जिवाला घोर होता. माझ्या आवडत्या टोळीची म्हातारी त्या हंगामात एकदाही दिसली नव्हती. टोळी दिसते आणि ती दिसत नाही, तर ती मेली असे लिहायचे हा आमचा रिवाज. यादी आठवड्यात पाठवायची होती आणि माझा हात धजत नव्हता.

तांड्यावर काकांकडे गेले. गावात ट्रॅक्टर आले, गाई गेल्या. काका आता ओट्यावर सोनीकाकूंच्या बाजूला घोंगडी टाकून बसून असत. करमणूक म्हणून लॅपटॉपवर त्यांना फोटो दाखवू लागले. एका फोटोवर त्यांनी बोट ठेवले.

"हे कोन हाय?"

"ते अनोळखी हाय, काका. पराचं टोक तुटलेलं आमच्या यादीत कोनी नाई."

"अनोळखी कायची? मांगच्या सालच्या फोटोत हे लहानगं म्हातारीच्या अंगाले चिकटून होतं. आता हिच्या अंगाले चिकटून राह्यलं. लेकरू मायले वळखते अन् तुले वळखू येत नाई? तू टोक पाहून राह्यली, बाई. बाजूचं पाह्य."

मी सगळे फोटो पुन्हा उपसले. बहुतेकांत डाग पाण्याखाली होता. एका पुसट फोटोत मात्र तो दिसला, आणि तो म्हातारीचाच होता. टोक मधल्या काळात तुटले होते. मी जित्या जिवाला कागदावर मारायला निघाले होते. मला रडू फुटले. काका मात्र खो खो हसले. "मारलीच होती ना वं तिले!"

तेव्हापासून फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "तुही म्हातारी आली का?"

गेल्या आषाढात काका गेले. मी समुद्रावर होते, मला मातीलाही पोचता आले नाही. त्याच हंगामात म्हातारी खरोखरच आली नाही. या वेळी मी खाचा पाहिल्या, डाग पाहिले, आणि सगळ्यात आधी बाजू पाहिली. धाकट्याच्या अंगाला आता दुसरीच मादी होती. मी म्हातारीचे नाव यादीतून काढले आणि बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन पोटभर रडले. कोणासाठी ते विचारू नका.

दिवाळीला तांड्यावर गेले. सोनीकाकू ओट्याच्या कडेला अंग चोरून बसल्या होत्या. बाजूला काकांची घोंगडी तशीच अंथरलेली होती. मी खालीच उभी राहिले.

"तुही म्हातारी आली का?" काकूंनी विचारले.

"नाई आली, काकू. गेली ती."

"मंग त्या लहानग्याच्या बाजूले कोन हाय?"

"त्याची मोठी बहीन."

काकूंनी बाजूची घोंगडी उचलून मांडीवर घेतली.

"बस मंग," त्या म्हणाल्या.