मैनाताईची कणी

१९९४ साली डिप्लोमा संपवून मी पनवेलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात लागले. तिथे आम्ही कपलर बनवत असू: काचेच्या एका तंतूतून आलेला उजेड दोन तंतूंत वाटून देणारा, काडीएवढा तुकडा. आता ते काम यंत्र आपलं आपण करतं. पण कपलर म्हटलं की मला अजून रोडपालीची मैनाताई भोपीच आठवते.

चाळिशीची, सातवी शिकलेली. शेत वसाहतीत गेलं, म्हणून कारखान्यात आली. काम मीच तिला शिकवलं. दोन तंतू सोलायचे, एकमेकांभोवती पिळायचे, बारीक ज्योतीवर धरून यंत्राने दोन्हीकडून ओढायचे. काच एकजीव होऊ लागली की पहिल्यातला उजेड दुसऱ्यात झिरपतो आणि मीटरवर दुसऱ्याचा आकडा चढत जातो. पन्नास टक्क्यांना बटण दाबायचं. ज्योत विझते, ओढ थांबते. हे मी कागदावर लिहून भिंतीला लावलंही होतं.

मैनाताई बरोब्बर पन्नासला दाबायची, आणि तपासणीत तिचे तुकडे त्रेपन्नचे निघायचे. म्हणजे टाकाऊ. बाकीच्या बायका घाईघाईने आधीच दाबत, त्यांचे निम्मे तरी पास होत. सुपरवायझर उदयसिंह यांनी तिला सांगून टाकलं, शनिवारी सलग दहा चांगले निघाले तर कायम, नाहीतर सोमवारपासून येऊ नका.

शुक्रवारी आम्ही जेवायला बसलो. मी डबा उघडला. खोलीवर मीच शिजवलेल्या भाताचा लगदा झाला होता. तो बघून तिला हसू आलं.

"बाय, पुरता शिजंपरत चुलीवर ठेवलास काय? दाण्यात कच्ची कणी ठेवून उतरवाचा. बाकीचा वाफंवर शिजतो." मग तिचा हात डब्यावरच थांबला. "ज्योत इझल्यावर काच लगेच थंड होते का गो?"

"नाही," मी म्हटलं.

"मंग पन्नास कशाला सांगितलंस?"

त्या दुपारी तिने सत्तेचाळीसला बटण दाबलं. तुकडा थंड झाल्यावर मीटर पन्नास दाखवत होता.

शनिवारी उदयसिंह तिच्या मागेच उभे राहिले. पहिल्या तुकड्याला तिने सत्तेचाळीसला बटण दाबताच त्यांनी विचारलं, समोर लिहिलेलं वाचता येत नाही का?

"येतं की साहेब. लिवलंय तेच चुकलंय."

तो कागद माझा आहे, हे मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तिला पुढे चालू ठेवायला सांगितलं. दहाच्या दहा पास झाले.

कायम केल्याचं पत्र सोमवारी आलं. तेव्हा तिच्या हातात सोललेले तंतू होते. तूच वाच, म्हणाली. मी वाचलं. 'ऑपरेटर' हा शब्द तिने पुन्हा वाचायला लावला, आणि मीटरवरची नजर न काढता ऐकला.