पहिल्या पानावरचा सन

नातीचं नाव लिहायला काल आईचं बायबल उघडलं आणि डांबरगोळ्यांचा वास आला. आमच्या ख्रिस्ती घरांत जन्म त्याच्या पहिल्या पानावर नोंदतात. गोऱ्या मिशनऱ्यांची रीत. आजवर बोललो नाही, पण चौऱ्याहत्तर साली नोकरीला वय जास्त ठरत होतं, म्हणून त्या पानावरचा माझा जन्माचा सन मी ब्लेडनं खरवडून दोन वर्षं पुढचा केला.

वयाचा दाखला देणाऱ्या पाद्रीसाहेबांनी पान पाहून आईला विचारलं, "बरोबर आहे ना, बाई?"

आईनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. "पुस्तकात खोटं काहून असन, साहेब?"

नोकरी लागली. मन साफ नसताना प्रभुभोजनाची भाकर घेऊ नये म्हणतात. त्यानंतर चर्चमध्ये सारे ती घ्यायला पुढे जात, आई बाकावरच बसून राही. कोणी विचारलं की म्हणे, "गुडघे दुखून राहिले."

महाल भागातल्या आमच्या घरापासून चर्चपर्यंतचे दोन मैल ती पायीच येत असे.