लाल दोऱ्याचं फूल

भोपळ्याच्या फुलांची भजी आम्ही नवराबायकोने शेवटची खाल्ली ती एका रविवारी सकाळी. कुडापलीकडून शेजारी ओरडला, "वयनी, सगळे नवरे तळलेत! आता पोरं कशी व्हायची?"

ही हसतच राहिली. तेव्हा कळलं, भोपळ्याला नर फूल वेगळं, मादी वेगळं. आम्ही दरसाल नर तळायचो आणि वेलाला वांझ म्हणून शिव्या द्यायचो.

शेजारी मोहने गावात कामाला, बिनलग्नाचा. बोलताना माणसाकडे न बघता वेलाकडे बघायचा. वाक्यामागे "काय?" लावायचा, पण उत्तराला थांबायचा नाही. "वालाचं फूल मिटलेलं असतानाच आपलं आपण उरकतं. मी वाल आहे, काय? भोपळ्याला मधमाशी लागते, नाहीतर माणसाचा हात."

मागे चिमुकला भोपळा असलेली एक कळी त्याने दाखवली. "ही मादी. उद्या सकाळी उघडेल, उन्हं चढली की मिटेल, मग गेली. एक नर राखा, काय?" हिने एका नर कळीला लाल दोरा बांधला.

दुपारी हिच्या छातीत दुखलं. पाणी मागितलं आणि गेली. संध्याकाळी स्मशानात पोचवून आलो.

सकाळी लोक येऊन माझी समजूत घालत बसले. शेजारी घरात आलाच नाही. वेलापाशी उभा राहून हाक मारली, "दादा, उन्हं येतायत." दोऱ्याचं फूल खुडून त्याने पाकळ्या सोलल्या, आतला परागाचा दांडा माझ्या हातात दिला आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही लावा," म्हणाला. त्या खेपेला "काय?" म्हणाला नाही.