दादाचं अर्धं स्टेअरिंग

आधी चहा संपवा, मंडळी. ऐकताना ठसका लागला तर मला बोल लावू नका!

आमच्या दादाला वरच्या डोंगरात एक अर्धगोल स्टेअरिंग सापडलं होतं. महायुद्धाच्या वेळी तिथं विमान पडलेलं, असं जुनी माणसं सांगायची. दादा म्हणायचा, "हे त्याच इमानाचं." गाव हसायचं. शेजारचे बापू तर त्याला 'पायलट' म्हणूनच हाक मारायचे. शेवटी दादानं कराडच्या एका काकांना फोटो पाठवला. काका विमानदलातले रिटायर मेकॅनिक. ते म्हणाले, "दसऱ्याच्या आसपास येतो. हातात घेतल्याशिवाय सांगणार नाही."

दसऱ्याच्या आधीच दादा गेला. साध्या तापाचं निमित्त. ट्रॅक्टरच्या मडगार्डवरची त्याची जागा मी अजून कुणाला देत नाही. जाऊ द्या ते.

खंडेनवमीला विळा-कोयत्याच्या शेजारी दादाचं स्टेअरिंग पूजेला ठेवायचं, असं मी ठरवलं. आई म्हणाली, "आरं, मोडकी वस्तू पूजेला ठेवत्यात व्हय?"

मला पटलं. अर्ध्या स्टेअरिंगनं विमान कोण चालवेल? पडताना मोडलं असणार! मग उरलेलं अर्धं आणायचं कुठून? दारात ट्रॅक्टर उभाच होता. घातला त्याच्या स्टेअरिंगला कटर!

वेल्डिंगवाला म्हणाला, "गड्या, वेल्डिंग धरंना. हे लोखंड न्हाई."

"मग पट्टी मारून बोल्ट आवळ की!"

"आन् ह्या मुठीतलं भोक?"

"गंजलं आसंल. रंगाऱ्याची लांबी भरून बुजव!"

वरून लालभडक रंग मारला. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू!

ऐन पूजेच्या वेळी काका हजर. हार घातलेलं ते गोल चाक त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "हे तर ट्रॅक्टरचं आहे."

बापू असे हसले की तोंडातलं खोबरं उडालं. "मी सांगतच हुतो! म्हणं इमान!"

आईचं तोंड एवढंसं झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काका, नीट बघा! आमचा दादा खोटं बोलायचा न्हाई!"

काकांनी चाक उचललं. हातात तोललं. किल्लीनं रंग खरवडला.

"एक बाजू हलकी, एक जड. वरचं अर्धं कुणी लावलं?"

"मी. मोडलं हुतं न्हवं…"

"अरे, मोडलं नव्हतं! अशा विमानाचं अर्धंच असतं. चालवणाऱ्याला वरून समोरची वेग-उंचीची घड्याळं दिसायला नकोत?" त्यांनी मुठीतली लांबी कोरून काढली. "आणि हे भोक बटणाचं. बुजवणारा महाभाग कोण?"

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. पण मला कसली लाज!

"म्हंजी, इमानाचंच?"

"विमानाचंच, बाळा. लढाईतल्या. तुझा दादा बरोबर होता."

आई पदरानं डोळे पुसत हसत होती. बापू गुपचूप पुढं झाले आणि चाकाला हळद-कुंकू वाहून मागं सरकले.

काकांनी बोल्ट सोडवले. दादाचं अर्धं ऐटीत पाटावर बसलं. आणि माझं अर्धं? मापात बसवायला मी ते कापून एवढं बारकं केलेलं की परत ट्रॅक्टरला लागेना. दुकानात नवं येईपर्यंत मी उरलेल्या अर्ध्या स्टेअरिंगवरच ट्रॅक्टर हाकतोय.

काल वळणावर बापू भेटले. अर्धं चाक फिरवता फिरवता मला घाम फुटलेला. बापू बांधावर चढले आणि ओरडले,

"ए पायलट, दमानं! समोरची घड्याळं दिसत्यात न्हवं?"