समुद्राखालचे साडू

नगर जिल्ह्यातल्या माणसाने समुद्रावर किती माया करावी याला काही मर्यादा असेल, तर ती माझ्या थोरल्या साडूंनी फार पूर्वीच ओलांडली आहे. गाव काष्टी, घरात ऊस आणि कांदा, आणि हे गृहस्थ मालवणच्या बाजूला लोकांना पाण्याखालची प्रवाळं दाखवणारं रिसॉर्ट काढून बसले. तरुणपणी त्यांचा लौकिक विहिरीत पडलेले मोटरपंप काढण्याचा. पार कर्जतपर्यंत कुणाची मोटर पाण्यात गेली की त्यांना बोलावणं यायचं. ते दम धरून तळाशी जायचे, दोर बांधून वर यायचे आणि चहा पिऊन घरी जायचे. पुढे सहकुटुंब कोकणात गेले असताना एका होडीवाल्याचा नांगर तळाशी अडकला. साडूंनी सवयीने उडी मारली. नांगर सुटला, पण वर आल्यावर साडू बोलेचनात. माझ्या मेहुणीला वाटलं, डोक्याला मार लागला. बऱ्याच वेळाने ते एवढंच म्हणाले, "खाली बाग हाय." त्यानंतर त्यांचं शेतात मन लागलं नाही. शेत धाकट्या भावाकडे गेलं आणि साडू समुद्राकडे.

त्यांचं रिसॉर्ट पाहून पहिल्यांदा येणारा पाहुणा गोंधळतो. दारातच त्याच्याकडची उन्हाची क्रीम काढून घेतली जाते, कारण ती पाण्यात उतरून प्रवाळांना बाधते. बदल्यात लांब बाह्यांचा सदरा मिळतो. बाटलीबंद पाणी आत येत नाही. आंघोळीचं पाणी गाळून ठिबकच्या नळ्यांनी केळीला जातं. धो धो पावसाच्या कोकणात ठिबक पाहून शेजारी हसायचे. पण एका उन्हाळ्यात त्यांच्या विहिरी आटल्या आणि साडूंच्या केळी हिरव्यागार राहिल्या, तेव्हा तेच शेजारी नळ्या कुठे मिळतात ते विचारायला आले. जेवणात प्रवाळाजवळ राहणारा मासा कधीच नसतो. मासे खायला आलेल्या एका कुटुंबाला साडूंनी हुलग्याच्या पिठाची शेंगोळी वाढली, आणि खाली ज्यांना बघून आलात त्यांनाच ताटात कसं घ्यायचं, असं इतक्या नम्रपणे विचारलं की त्या मंडळींनी मुकाट्याने दुसऱ्यांदा शेंगोळी मागून घेतली. सगळ्यांत हवेशीर खोल्या मात्र पैसे भरणाऱ्या पाहुण्यांना मिळत नाहीत. त्या राखलेल्या, समुद्राचा अभ्यास करायला येणाऱ्यांसाठी. तिथे दरवर्षी येणारी एक संशोधक मुलगी आहे. साडू तिला मास्तरीणबाई म्हणतात आणि तिच्या यंत्रांना स्वतःच्या चष्म्याहून जास्त जपतात.

पावसाळ्यात समुद्र बंद, म्हणून ते महिने साडू काष्टीला यायचे आणि नातेवाइकांची पाळी यायची. टेम्पोतून हवेच्या टाक्या उतरायच्या आणि मळ्यातल्या विहिरीवर शिकवणी सुरू व्हायची. माझी पाळी आली तेव्हा बाजारातून परतणारी माणसं पिशव्यांसकट काठावर थांबली होती. मी केडगावात आयुष्य काढलेला माणूस. माझा पाण्याशी संबंध नळापुरता. पाठीवर टाकी बांधून उतरलो आणि घाबरून हातपाय झाडायला लागलो. साडूंनी मला वर आणलं, तोंडातली नळी काढली आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हणं, धुडगूस घालू नका. पान्यात आपन समदेच पाव्हणं." दुसऱ्यांदा उतरलो तेव्हा मला भीती वाटली नाही.

पण हा माणूस केवढा आहे, ते मला कळलं एका मे महिन्यात. रिसॉर्ट भरलेलं होतं आणि समुद्राचं पाणी कधी नव्हे इतकं तापलं. मास्तरीणबाई सकाळी खाली जाऊन आली आणि प्रवाळं पांढरी पडताहेत म्हणाली. साडू स्वतः उतरले. वर आल्यावर तोंडावरची काचही न काढता ते होडीत बसून राहिले. त्याच दिवशी त्यांनी पाण्याखालची सहल बंद केली आणि आलेल्या पाहुण्यांना समोर, येणाऱ्यांना फोनवर, एकेकाला स्वतः कळवलं. लोक नको नको ते बोलले. साडूंनी ते सगळं ऐकून घेतलं. माझी मेहुणी हवालदिल झाली, म्हणून घरच्यांनी मला समजावायला धाडलं. वर्षाची कमाई या दिवसांतच होते, थोडे थोडे लोक तरी उतरू द्या, असं मी परोपरीने सांगितलं. ते खाली बघत म्हणाले, "आजारी मानसाच्या खोलीत आपन जत्रा भरवतो का?"

उरलेला उन्हाळा ते आणि मास्तरीणबाई दोघंच खाली जात. ती फोटो काढी, हे मोजपट्टी धरून स्थिर राहत.

पाऊस सरून पाणी निवळलं तेव्हा त्यांनी मला सोबत नेलं. निळ्या उजेडात उतरत गेलो आणि समोर एक सबंध उतार जिवंत झालेला दिसला. तपकिरी, जांभळे, शेवाळी झुबके, त्यांच्यातून माशांचे थवे कापडासारखे वळत होते. मी श्वास घ्यायचं विसरणारच होतो. थोडं पुढे मात्र सगळं राखाडी होतं, कुठे हालचाल नाही. तो भाग परतला नव्हता. साडू तिथे थांबले. कशालाही न शिवता, पाण्यात तरंगत त्यांनी हात जोडले. त्या अथांग शांततेत मला पहिल्यांदा कळलं की काष्टीच्या या माणसाचं आपल्याशी नातं आहे, ही केवढी गोष्ट आहे.

गेल्या वर्षी त्यांच्या कानाने दगा दिला. डॉक्टरांनी पाण्याखाली जायला कायमची मनाई केली. रिसॉर्ट आता मेहुणी आणि तिथली कोळ्यांची मुलं-मुली सांभाळतात, मास्तरीणबाई येतेच. साडू बहुतेक काष्टीलाच असतात. मी या वयात दर हिवाळ्यात मालवणला जाऊन पाण्यात उतरतो, आणि परतताना घरी न जाता थेट त्यांच्याकडे जातो. दुपारी ओसरीवर बसून बघितलं ते सांगतो. मी पिवळा मासा म्हटलं की ते हळूच दुरुस्त करतात, "पिवळा न्हाई, लिंबाच्या सालीवानी." मग म्हणतात, "फुडं?" मी पुढे सांगत जातो. ते डोळे मिटून घेतात, आणि थोड्या वेळाने त्यांचा श्वास संथ, लांब होत जातो, खोल पाण्यात असल्यासारखा.