पान लागलं

आम्ही नवराबायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सापाच्या पेटीसाठी झाडं निवडणं. साप पोरीचा. ती नवा रायपुरात नोकरी करते आणि परदेशी अजगराचं एक पिल्लू काचेच्या पेटीत पाळते, रीतसर कागदपत्रं करून. तिनं बजावलं होतं, काटा नको, चीक नको, नर्सरीची फवारणी नीट धुऊन काढा. मला झाडांतलं काही कळत नाही. निवड बायकोची.

रायपूरच्या समता कॉलोनीतल्या आमच्या अंगणात दुपारी तिनं कुंड्या मांडल्या. गुलाब मी आणला होता, तो पहिला बाद.

"नागोबाले काय हार घालता?" म्हणाली.

स्पायडर प्लांट आणि फर्न धुऊन बाजूला ठेवले. पांढऱ्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं एक झाड तिला फार आवडलं होतं. तरी पान मोडून चीक मनगटावर घासून पाहिला. लाल चट्टा उठला. कुंपणापलीकडे शेजारीण कपडे वाळत घालत होती. बायको ओरडली, "वहिनी, मले पान लागलं!"

आमच्या वऱ्हाडात साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. ही गंमत करून राहिली होती. शेजारीणही वऱ्हाडातली, तिच्या हातातलं लुगडं खाली पडलं. बायको हसली, हात धुतला, ते झाड फाटकाबाहेर ठेवून आली. शेजारीण काही हसली नाही.

संध्याकाळी चहा पिता पिता बायको कलंडली. डॉक्टर घरी आला. हृदय बंद पडलं म्हणाला, तसा कागद लिहून दिला.

सकाळी शेजारीण बैगाला घेऊन दारात उभी. बैगा म्हणजे इकडचा झाडफूक करणारा.

"भाऊजी, पान लागलेल्याचा जीव आत लपून बसते. जाळू नका. मी माह्या कानानं ऐकलं."

पोर रात्रीच येऊन पोचली होती. शिकलेली. त्या अजगराला विषच नसतं, हे तिनंच आम्हाला सांगितलेलं. तरी म्हणाली, "बाबा, एक बार देखने दो ना."

खोटं कशाला बोलू, बैगा विष उतरवत असेल तर उतरवू दे, असं माझ्याही मनात आलं. मग बायकोचा पाय हातात धरून पाहिला. लाकूड झाला होता.

"साप नाही चावला," मी बैगाला म्हटलं. "झाडाचा चीक लागला होता. जा घरी."

"पस्तावाल, भाऊजी," शेजारीण म्हणाली.

"हव," म्हटलं.

पोरीला आंघोळीचं पाणी तापवायला सांगितलं आणि तिरडीचे बांबू आणायला निघालो.